मृगयेचे उत्तरकार्य

आपल्या ज्ञातीतील काही जुन्या घरांच्या ओटीवर अजूनही एका विशिष्ट तऱ्हेचे छायाचित्र टांगलेले आढळते. खाकी अर्धी विजार, डोक्यास टोपी, हातात दुनळी बंदूक आणि पायाशी आडवे पडलेले सांबर किंवा चितळ. मागे दोन-चार हाकारे अवघडून उभे. फोटोग्राफर नेमका याच क्षणी थांबे. पुढे त्या जनावराचे काय झाले, ते किती वेळात उघडले, कोणी उघडले, कोणता वाटा कोणाच्या घरी गेला, हे त्या चित्रात कधीच नसते. शिकारीच्या कथांचेही तसेच. माग, दबा, वाऱ्याची दिशा, नेम, बार. आणि जनावर कोसळले की कथा संपली. सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो आणि ऐकणारे निजावयास जातात.

वस्तुतः ज्यांनी ही विद्या खरोखर आत्मसात केली त्यांच्या दृष्टीने निम्मे काम तेथून पुढे सुरू होते. गोळी किंवा बाण लागल्यापासून ते मांस थंड होऊन टांगले जाईपर्यंतचा जो काळ, त्यात शिकाऱ्याची खरी परीक्षा होते, असे मानणारी एक परंपरा युरोपात आठशे वर्षे लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक विषय घ्यावा असा आग्रह झाला, तेव्हा हा विषय आम्ही घेतला. तो परदेशचा आहे याची आम्हांस जाणीव आहे. आपल्याकडे सन १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले असे आमचे मत आहे. मग हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एका जुन्या प्रसंगात आहे. तो प्रथम सांगतो.

सन १९६० च्या आगेमागे, वैशाखात, आम्ही आजोळी होतो. आजोळ घाटमाथ्यावरचे. आजोबांजवळ परवान्याची बंदूक होती. एके दिवशी अगदी तिन्हीसांजेस त्यांनी सांबरावर बार टाकला. गोळी लागली, परंतु पोटात, आणि जनावर करवंदीच्या जाळ्यांत शिरले. आजोबा व वाटाड्या लगेच त्याच्या मागे धावले. अंधार पडला, कंदील आणले, रक्ताचा माग ओढ्यापाशी हरवला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास सांबर सापडले ते मरून पडलेले, पोट ढोलासारखे फुगलेले. उघडताच जी दुर्गंधी सुटली ती आम्हां मुलांना लांबवर उभे असूनही सोसेना. वाडीतील पंधरा-वीस घरची माणसे भांडी घेऊन वाट्यासाठी आली होती. ती रिकाम्या भांड्यांनी परतली. म्हातारा वाटाड्या उकिडवा बसला आणि एवढेच म्हणाला, “अण्णा, जनावर मेलं त्याचं काई न्हाई. फुकट मेलं ह्ये वंगाळ झालं.” आजोबा काही बोलले नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी संध्याकाळी बार टाकल्याचे आम्ही पाहिले नाही.

हे सांबर फुकट का मेले, याचे उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनी, इंग्रजी व जर्मन मध्ययुगीन साहित्याच्या वाचनात मिळाले. ज्यांनी ते लिहिले त्यांना जंतू म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. तरीही त्या सांबराचे काय चुकले हे त्यांनी अचूक सांगितले असते.

इ. स. १२१० च्या सुमारास गॉटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग या जर्मन कवीने ‘ट्रिस्टान’ नावाचे दीर्घकाव्य रचले. ट्रिस्टान आणि इसोल्ड यांच्या प्रेमकथेसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु त्या प्रेमाला सुरुवात होण्यापूर्वी कवीने एक संपूर्ण प्रकरण एका मेलेल्या हरणावर खर्च केले आहे. पोरका ट्रिस्टान कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. रानात त्याला राजा मार्क याचे शिकारी भेटतात. त्यांनी एक मोठा काळवीट, म्हणजे तेथील तांबड्या हरणाचा नर, पाडलेला असतो आणि मुख्य शिकारी तो डुकरासारखा पालथा घालून त्याचे सरळ चार तुकडे करावयास निघालेला असतो. कोवळा ट्रिस्टान हे पाहून हादरतो आणि त्यास थांबवितो. आमच्या देशी असे करीत नाहीत, असे म्हणून तो अस्तन्या वर सारतो, हरीण उताणे घेतो आणि कातडे कोठून चिरावे, कोणत्या क्रमाने सोलावे, पुढचे फरे कसे सोडवावे, छाती, बरगड्या, पुठ्ठे कसे वेगळे करावे हे सर्वांसमक्ष करून दाखवितो. उत्तम भाग तो एका दुबेळक्याच्या काठीस बांधतो. कुत्र्यांचा वाटा सोललेल्या कातड्यावर पसरून देतो. त्या विधीस ‘क्युरी’ म्हणतात. आणि कातड्यास फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, अशी व्युत्पत्तीही कवी जाता जाता सांगून टाकतो. शेवटी सर्व भाग मूळ हरणाच्या आकृतीच्या क्रमाने, आधी शिंगे, मग छाती, असे हाती देऊन तो शिकाऱ्यांची मिरवणूक राजवाड्याकडे नेतो. राजा इतका प्रसन्न होतो की या अनोळखी पोरास तो आपला मुख्य शिकारी नेमतो.

एका राजपुत्राची कुलीनता सिद्ध करावयाची तर कवीने त्यास तलवार द्यावी, घोडा द्यावा. गॉटफ्रीडने सुरी दिली. हरीण कोणीही पाडील. त्याचे पुढे काय करावे हे ज्यास ठाऊक तो खानदानी, अशी त्या समाजाची समजूत होती. पुढे इंग्लंडात तर शिकारीची सारी परिभाषा ट्रिस्टानपासूनच सुरू झाली असे मानू लागले, आणि सन १४८६ मध्ये छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ग्रंथातही त्याच्या नावाचा आधार घेतलेला आहे.

यात केवळ मानपान आणि दिखावा होता काय? पुष्कळसा होताच. परंतु सर्वच तसे नव्हते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस एका अज्ञात इंग्रज कवीने ‘सर गावेन आणि हिरवा सरदार’ हे काव्य लिहिले. त्याची एकच हस्तलिखित प्रत आज जगात शिल्लक असून ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात नाताळच्या दिवसांत हरिणींची मोठी शिकार होते आणि मग जनावरे उघडण्याचे वर्णन येते. ते एखाद्या खाटकाने वाचले तरी मान डोलवावी इतके नेमके आहे. प्रथम छातीवर चीर देऊन चरबी किती बोटे आहे ते मोजतात. वाईटात वाईट जनावरावरही दोन बोटे भरते. मग गळ्यापाशी चीर घेऊन अन्ननलिका पकडतात, सुरीने खरवडून मोकळी करतात आणि तिला गाठ मारतात. त्यानंतर पाय, कातडे, आणि मग पोट उघडून कोथळा बाहेर.

ही गाठ आम्हांस महत्त्वाची वाटते. हरीण रवंथ करणारे जनावर आहे. त्याच्या पोटातील पहिला मोठा कोठा म्हणजे अर्धवट चावलेल्या पाल्याची भट्टीच. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू पाला आंबवीत असतात. जनावर मेले म्हणून ते जंतू थांबत नाहीत. अन्ननलिका मोकळी राहिली तर ओढताना तो आंबट चोथा उलट वाहून छातीच्या पोकळीत आणि मांसावर सांडतो. म्हणून आजचे प्रशिक्षित शिकारी आतडी काढण्यापूर्वी अन्ननलिकेस गाठ मारतात. गावेनच्या कवीस जंतुशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या शास्त्राचा पाया लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात घातला. परंतु गाठ मारली नाही तर काय होते, हे त्याच्या ओळखीच्या शिकाऱ्यांनी स्वतःच्या नाकाने शिकलेले होते.

फ्रान्सच्या दक्षिणेस फ्वा येथील सरदार तिसरा गास्तों याने सन १३८७ मध्ये आपला शिकारग्रंथ लिहावयास घेतला. केसांच्या सोनेरी रंगामुळे हा ‘फेबुस’, म्हणजे सूर्यदेव, या नावाने ओळखला जाई असे म्हणतात. हरीण कसे सोलावे व उकलावे यासाठी त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या सुंदर सचित्र प्रतीत त्या प्रसंगाचे चित्रही आहे. गास्तोंचा मृत्यू सन १३९१ मध्ये अस्वलाच्या शिकारीहून परतल्यावर, जेवणापूर्वी हात धूत असताना झाला. इतक्या मोठ्या शिकाऱ्यास साजेसे मरण म्हणावयाचे की काय, हे वाचकांनी ठरवावे. त्याच्या ग्रंथाचा बराचसा भाग यॉर्कचा दुसरा ड्यूक एडवर्ड याने सन १४०६ ते १४१३ या दरम्यान इंग्रजीत आणला आणि त्यात स्वतःची भर घातली. हा एडवर्ड पुढे सन १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत पडला. त्याच्या ‘मास्टर ऑफ गेम’ या ग्रंथाच्या विसाव्या शतकातील आवृत्तीस अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची प्रस्तावना लाभली, यावरून या विद्येचे आकर्षण किती टिकले ते दिसते.

येथे ऋतूचा विचार केला पाहिजे. हरिणी हिवाळ्यात मारीत, तेव्हा थंडी आपोआप साहाय्य करी. मोठा नर मात्र उन्हाळ्यात, तो चरून चरबीने भरलेला असताना मारावा असा दंडक होता. हा हंगाम सप्टेंबरच्या चौदा तारखेस, क्रुसाच्या सणाशी संपे. म्हणजे सर्वांत मोठे, सर्वांत जाड कातड्याचे, सर्वांत चरबीयुक्त जनावर वर्षाच्या सर्वांत उष्ण दिवसांत हाती येई. हरणाच्या शरीराचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते. कातडे व केस ही त्याची घोंगडी. आतील ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. अशा वेळी वाड्यावर नेऊन सावकाश उकलू म्हटले तर मांस गेलेच. म्हणून हे काम जागच्या जागी, रानातच करावयाचे. हा सगळा थाटमाट, शिंगे फुंकणे, सरदाराने स्वतः उभे राहणे, यांच्या मुळाशी एक घाई होती. विधीमुळे ती घाई कोणास घाई वाटत नसे एवढेच.

इंग्लंडात या विधीच्या आरंभी चरबीची परीक्षा घेण्याचा मान सर्वांत थोर व्यक्तीस असे. जॉर्ज टर्बरव्हिल याच्या नावावर असलेल्या सन १५७५ च्या शिकारग्रंथात एक प्रसिद्ध लाकडी ठशाचे चित्र आहे: हरीण उताणे पडले आहे, मुख्य शिकारी गुडघे टेकून सुरी पुढे करीत आहे, आणि ती घ्यावयास राणी एलिझाबेथ उभी आहे. सन १६११ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला तेव्हा राणी मरण पावली होती. मुद्रकाने ठशातून राणी काढून तेथे राजा जेम्स बसविला. हरीण आणि गुडघे टेकलेला शिकारी तेच राहिले. हा ग्रंथ बव्हंशी झाक द्यु फुयू या फ्रेंच लेखकाच्या सन १५६१ च्या ग्रंथाचे भाषांतर आहे. याच ग्रंथात असाही एक नियम आढळतो की उकलणाऱ्याने आधी मद्याचा चांगला घोट घ्यावा, नाहीतर मांस कुजते. जेथे शहाणपणाच्या दहा गोष्टी सांगितल्या जातात तेथे एखादी सोयीची गोष्टही खपून जाते, असे आम्हांस वाटते.

आता वाट्यांविषयी. या वाट्यांच्या व्यवस्थेत आपल्या वाचकांस ओळखीचे काही सापडेल. एक खांदा वनरक्षकाचा. काळीज, फुप्फुस व वझडी यांत रक्तात भिजविलेली पोळी मिसळून ती कुत्र्यांची. छातीच्या हाडाच्या टोकाचा एक कुर्च्याचा तुकडा झुडपात फेकावयाचा, तो डोमकावळ्याचा. त्यास नावच ‘कावळ्याचे हाड’ असे होते, आणि गावेनच्या काव्यातही तो फेकल्याचा उल्लेख आहे. आमच्या आजोळी मुंडी बंदूकवाल्याची, एक फरा वाटाड्याचा आणि उरलेल्याचे हाकाऱ्यांत समान वाटे, असा रिवाज होता. समान म्हणजे इतके समान की मांस पळसाच्या पानांवर मांडून झाल्यावर एका मुलास पाठमोरे उभे करून ‘हा कोणाचा?’ असे विचारीत. आम्ही ते काम केलेले आहे. डोमकावळ्यास आमच्याकडे कोणी वाटा ठेवीत नसे. तो स्वतःच घेई.

हरणाची आतील मऊ अंगे, काळीज, मूत्रपिंडे इत्यादींस इंग्रजीत जुन्या काळी ‘अम्बल्स’ म्हणत. धन्याच्या पानात पुठ्ठ्याचे मांस पडे आणि या अंगांची कणकेच्या आवरणात भाजलेली पाय इतरांच्या वाट्यास येई, असे सर्रास सांगतात. सॅम्युएल पीप्स याच्या प्रसिद्ध रोजनिशीत सन १६६३ मध्ये शेजारणीने अशी गरम पाय आणून दिल्याची नोंद आहे. आणि पीप्स काही गडी-माणूस नव्हता, तो आरमारी खात्यातील अधिकारी होता. तेव्हा ते अन्न तितके हलके नसावे. पुढे एकोणिसाव्या शतकात या ‘अम्बल’ शब्दाची ‘हम्बल’, म्हणजे नम्र, या शब्दाशी गल्लत होऊन ‘नम्र पाय खाणे’ हा वाक्प्रचार नाक खाली घालून चूक कबूल करण्यासाठी रूढ झाला. कोथळ्याचे पदार्थ आपल्याही घरांत शिजत आणि पाहुण्यांपुढे मात्र ठेवले जात नसत; त्यामुळे या शब्दाचे नशीब आम्हांस समजू शकते.

बंदूक आल्यावर सरंजामी विधी ओसरला. स्कॉटलंडच्या डोंगरांत मात्र त्यातील व्यावहारिक गाभा टिकला. विल्यम स्क्रोप याच्या सन १८३८ च्या पुस्तकाने डोंगरावर सरपटत जाऊन हरीण गाठण्याच्या पद्धतीस प्रसिद्धी दिली. पुढे राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स आल्बर्ट यांनी बाल्मोरल घेतल्यावर ती प्रतिष्ठितांची हौस झाली. तेथे हरीण पडले की सोबतचा डोंगरी शिकारी ते तेथेच उघडून कोथळा काढतो. या क्रियेस ‘ग्रॅलॉक’ म्हणतात. हा शब्द गेलिक भाषेतील आतड्यांच्या नावावरून आला आहे. पोकळ झालेले हरीण हलके होते, आतील ऊब निघून जाते. मग ते ठेंगण्या, दणकट तट्टावर बांधून खाली आणतात आणि भिंतींना झडपा ठेवलेल्या हवेशीर कोठारात टांगतात. त्या कोठारास दारापेक्षा वाऱ्याची काळजी अधिक. डोंगरावर राहिलेला कोथळा गरुड व कावळे संपवितात. म्हणजे जुन्या कावळ्याच्या हाडाचा हक्क तेथे वाढीव प्रमाणात चालू आहे म्हणावयाचा.

जर्मन परंपरेत आणखी एका गोष्टीस फार मोठे स्थान आहे, आणि आमच्या आजोबांच्या सांबराचा संबंध तिच्याशी आहे. ती म्हणजे जखमी जनावराचा पाठलाग. तेथे केवळ या कामासाठी रक्ताचा माग घेणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली आहेत. हॅनोव्हर व बव्हेरिया या प्रांतांची नावे त्यांना आहेत. नियम असा की पोटात गोळी लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावू नये. त्यास काही तास द्यावे. ते थोडे जाऊन जाळीत बसते, आणि तेथेच क्षीण होऊन मरते. मागे माणूस लागला तर मात्र ते मरणाच्या बळाने उठते आणि मैल दोन मैल जाते. मग माग सापडत नाही. हरीण सापडले की त्याच्या तोंडात डहाळीचा तुकडा ठेवतात, त्यास ‘शेवटचा घास’ म्हणतात. आणि दुसरी डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत खोवतात. आजोबा लगेच धावले. ही त्यांची पहिली चूक. पण थांबण्यातही धोका आहेच, कारण थांबलेला प्रत्येक तास फुटलेल्या आतड्यांतील घाण मांसात मुरवीत असतो, आणि वैशाखातील रात्र काही नाताळची रात्र नव्हे. तेव्हा थांबावे तर मांस जाते, न थांबावे तर जनावर जाते. अशा पेचात शिरण्यापेक्षा तिन्हीसांजेस व लांबून बार टाकूच नये, हाच उपाय. आणि आजोबांनी पुढे तोच पत्करला.

मांस बिघडण्यामागील दुसरे कारण शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात उलगडले. शांतपणे चरत असता क्षणार्धात मेलेल्या हरणाच्या स्नायूंत शर्करेचा साठा शिल्लक असतो. मृत्यूनंतर त्याचे आम्लात रूपांतर होते आणि त्या सौम्य आंबटपणात जंतूंची वाढ मंदावते. जनावर भ्याले, धावले, तडफडले, की तो साठा आधीच जळून जातो. आम्ल तयार होत नाही. मांस काळसर, चिकट राहते आणि लवकर नासते. तात्पर्य, क्रूरपणे मारलेले मांस टिकतही नाही. निसर्गाने येथे दया आणि स्वयंपाक यांची गाठ मारून ठेवली आहे हे मध्ययुगीन लेखकांस ठाऊक असते तर त्यांनी त्यावर एखादे लांबलचक रूपक रचले असते.

अमेरिकेची कथा याच्या नेमकी उलट दिशेने सुरू होते. तेथे युरोपीय व्यापार पोहोचला तो कातड्यासाठी. चार्ल्सटन बंदरातून सन १६९९ ते १७१५ या काळात वर्षाला सरासरी सुमारे ५४ हजार हरणांची कातडी इंग्लंडास जात. कातड्यास भाव होता, मांसास नव्हता. पुढे रेल्वे आली, मांसासही शहरांत गिऱ्हाईक मिळाले आणि व्यापारी शिकाऱ्यांनी उरलीसुरली जंगले झाडून काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीची हरणे साऱ्या देशात अवघी काही लाख उरली होती असा अंदाज आहे. मग कायदे आले. सन १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी घातली; हळूहळू रानटी हरणाचे मांस विकणेच बहुतेक राज्यांत बंद झाले. हरणांची संख्या पुन्हा कोट्यवधींत गेली.

या विक्रीबंदीचा एक परिणाम सहसा कोणी लक्षात घेत नाही. विकता येत नाही म्हणजे खाटकाचा, बाजारच्या निरीक्षकाचा संबंध सुटला. ज्याने मारले त्यानेच उघडावयाचे, त्यानेच थंड करावयाचे आणि त्याच्याच मुलांनी खावयाचे. राजाच्या शिकाऱ्याची विद्या अशा रीतीने कारखान्यातील मजुरास व शाळामास्तरास शिकावी लागली. अलास्कासारख्या राज्यात तर मोठ्या शिकारीचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे, आणि त्यात मानेचे, बरगड्यांचे मांससुद्धा कायद्याने धरलेले आहे. म्हाताऱ्या वाटाड्याचे वाक्य तेथे विधिमंडळाने संमत केले असे म्हणावयास हरकत नाही. चुकीची शिक्षा कायद्यापेक्षा पोटातून लवकर मिळते. सन १९९५ मध्ये ऑरेगन राज्यात घरी वाळविलेल्या हरणाच्या मांसातून ई. कोलाय जंतूची बाधा होऊन एका कुटुंबातील व त्यांच्या परिचयातील माणसे आजारी पडली. तपासात तोच जंतू हरणाच्या मांसात आढळला.

युरोपात मांस बाजारात जाते, म्हणून तेथे नियम निराळा. युरोपीय संघाच्या सन २००४ च्या आरोग्यविषयक नियमांत असे आहे की मोठ्या रानटी जनावराचे पोट व आतडी मारल्यानंतर शक्य तितक्या लवकर काढली पाहिजेत, प्रशिक्षित व्यक्तीने ती अंगे तपासली पाहिजेत, आणि मांस ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले पाहिजे. ट्रिस्टानने अस्तन्या वर सारून जे शिकविले ते आता कलमवार झाले. राणीच्या हातच्या चरबीपरीक्षेची जागा यकृतावरील डागांच्या परीक्षेने घेतली.

दोन गोष्टी मात्र जुन्या ग्रंथांत सापडणार नाहीत. एक म्हणजे शिसे. शिशाची गोळी हाडावर फुटली की तिचे डोळ्यांस न दिसणारे कण जखमेपासून वीतभर दूरही पसरतात. सन २००८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे कण आढळल्याने तो टाकून देण्याची सूचना करावी लागली. डोंगरावर टाकलेल्या कोथळ्यातूनही ते गरुडाच्या पोटात जातात. म्हणून तांब्याच्या गोळ्यांचा पुरस्कार होत आहे. दुसरी गोष्ट हरणांचा क्षयकारी रोग. तो प्रथम सन १९६७ मध्ये कोलोरॅडो येथे पिंजऱ्यातील हरणांत दिसला, आणि मेंदूस चाळणीसारखी भोके पाडणाऱ्या रोगांच्या वर्गातील तो आहे हे सन १९७८ मध्ये कळले. सन २०१६ मध्ये तो नॉर्वेतील रानटी रेनडियरमध्ये सापडला. माणसास तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरी बाधित प्रदेशात शिकाऱ्यांनी हातमोजे घालावे, मेंदू व पाठीचा कणा कापू नये, जनावर तपासून घेतल्याखेरीज खाऊ नये, असे सांगितले जाते. या रोगाचे द्रव्य शिजवून नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षे राहते. त्यामुळे कोथळा जागच्या जागी टाकून द्यावा की गोळा करून न्यावा, हा आठशे वर्षे ज्याचा विचार करावा लागला नव्हता असा प्रश्न आता उभा राहिला आहे. कावळ्याचा वाटा प्रथमच अडचणीत आला आहे.

आपल्या देशाविषयी दोन शब्द. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मृगयाविनोद आहे आणि अन्नभोगही आहे. डुकरावर पांढरे वस्त्र टाकून कढत पाण्याने केस कसे काढावेत इतके बारकावे राजाने दिले आहेत. तेव्हा हे ज्ञान येथे हलके मानले जात नव्हते. पुढे ते बंदूकवाल्यांच्या हातून निसटले आणि वाटाड्यांकडे राहिले. वाटाडे ग्रंथ लिहीत नसतात. मुंबई राज्याने सन १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला, त्यानंतर सन १९७२ चा केंद्रीय कायदा आला, आणि हे सर्व प्रकरणच मिटले. आज घाटात मोटारीखाली सापडून मेलेले सांबरही कायद्याने शासनाची मालमत्ता असते. वनखात्याचे लोक येतात, पंचनामा होतो, विल्हेवाट लावली जाते. मांस कोणाच्या घरी जात नाही.

आजोबांची बंदूक त्यांच्या पश्चात परवान्याअभावी सरकारात जमा झाली. त्यांची मुठीला पितळी कड असलेली सुरी मात्र मामांकडे आहे. मे महिन्यात गेलो तेव्हा मामी तिने फणस फोडीत होत्या, आणि चीक लागू नये म्हणून पात्यास खोबरेल लावून घेत होत्या.